सायकल, खोकं आणि विमान: वाचकांचे प्रश्न

विमानाने सायकल न्यायची, विमानतळापर्यंत ती चालवत जायची किंवा उतरल्यावर तिथूनच चालवत निघायचं, याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. विमान कंपन्यांचे दर आणि वजनाच्या मर्यादा सारख्या बदलतात, त्यामुळे रुपयांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. तिकीट काढण्याआधी कंपनीच्या साइटवर 'खेळाचं साहित्य' या मथळ्याखाली पाहा. सायकलीचा नियम बहुतेक वेळा तिथेच असतो.

प्रश्न: हायब्रीड सायकल पहिल्यांदाच विमानाने न्यायची आहे. खोक्यात स्वतः भरता येईल का, की दुकानात द्यावी? (कोथरूड, पुणे)

स्वतः भरा. परत येताना परगावी भरायची वेळ तुमच्यावरच येणार आहे, तेव्हा इथे सराव झालेला बरा. पहिल्या वेळी दोन तास हाताशी ठेवा, नंतर पाऊण तासात होतं.

नवी सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येते तेच खोकं लागतं. साधारण १४० सेंमी लांब, ८० सेंमी उंच आणि २० ते २२ सेंमी रुंद असतं. २९ इंची चाकांच्या एमटीबीचं, म्हणजे डोंगरी सायकलीचं, मिळालं तर उत्तम, त्यात हायब्रीड ऐसपैस बसते. दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा, नाहीतर खोकी भंगारवाल्याकडे गेलेली असतात. दुकानदाराकडूनच फोर्कच्या, म्हणजे चिमट्याच्या, दोन टोकांमध्ये बसणारा प्लॅस्टिकचा आडवा तुकडाही मागून घ्या. नव्या सायकलीबरोबर तो येतो आणि फेकला जातो. बाकी ४, ५, ६ मिमीच्या अ‍ॅलन की, १५ मिमीचा पाना, वीसेक झिप टाय, दोन इंची खाकी टेप आणि एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती फोमची नळी. ही नळी फ्रिज-एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मीटरवर मिळते. ती उभी चिरून फ्रेमच्या प्रत्येक दांड्यावर चढवायची.

चाकं लावलेली असतानाच पेडलं काढा. उजवं पेडल नेहमीसारखं डावीकडे फिरवून सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची युक्ती अशी: पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडलं सुटतात. ओढताना क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, उलटा फिरतो, म्हणून दुसऱ्या बाजूचा क्रँक घट्ट धरून ठेवा. वर्षानुवर्षं न काढलेलं पेडल आदल्या रात्री हलत नाही. तेव्हा निघण्याच्या चार-पाच दिवस आधी एकदा सोडवून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवा.

सीटच्या उंचीवर टेपची खूण करून सीट पोस्ट काढा. पुढचं चाक काढा, त्याचा आस बाहेर घ्या आणि चिमट्यात तो प्लॅस्टिकचा तुकडा बसवा. तो नसेल आणि वर दुसरी जड बॅग पडली, तर चिमट्याची टोकं आत दबतात आणि चाक पुन्हा नीट बसत नाही. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत घडी घातलेला पुठ्ठा सरकवा. चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला की हायड्रॉलिक ब्रेकचे पिस्टन पुढे येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. तसं झालंच तर टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने पॅड हळूहळू मागे रेटा, स्क्रू-ड्रायव्हर घालू नका.

सर्वांत जास्त मोडतोड मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची, होते. तो ज्या छोट्या हँगरवर असतो तो मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम तसा केलेला. खोकं त्या बाजूवर आपटलं की हँगर वाकतो. वाकलेला डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण गिअर उड्या मारतात, आणि सर्वांत मोठ्या दातऱ्यावर गिअर टाकला तर डिरेलर तारांमध्ये जाऊन चाकाची वाट लागते. म्हणून ५ मिमीच्या अ‍ॅलन कीने डिरेलर हँगरवरून सोडवा, केबल तशीच राहू द्या आणि बबल रॅपमध्ये गुंडाळून तो मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला झिप टायने बांधा. एक जादा हँगर बरोबर ठेवा. त्याचे शेकडो आकार आहेत, तुमच्या फ्रेमचाच हवा. परगावच्या दुकानात तो मिळेल हे गृहीत धरू नका.

हॅण्डल काढताना स्टेमच्या, म्हणजे हॅण्डल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, पुढच्या झाकणाचे चार बोल्ट सोडवा आणि हॅण्डल वरच्या दांड्याला समांतर बांधा. स्टेम जागेवरून काढू नका. काढायचीच वेळ आली तर तिच्या जागी रिंगा घालून वरचं झाकण परत आवळा, नाहीतर चिमटा खाली सरकतो आणि हेडसेटच्या, म्हणजे चिमटा ज्यावर फिरतो त्या सांध्याच्या, बेअरिंग खोक्यात सांडतात. परत जोडताना क्रम महत्त्वाचा: आधी वरच्या झाकणाच्या बोल्टने हेडसेटमधला खेळ घालवायचा, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट आवळायचे. स्टेमवर ताकद छापलेली असते, बहुधा ५ न्यूटन-मीटर. छोट्या अ‍ॅलन कीने दोन बोटांनी घट्ट होईल इतकंच. पुढच्या झाकणाचे चार बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे, वरची आणि खालची फट सारखी राहील असे.

आसांची टोकं पुठ्ठा फाडून बाहेर येतात, तिथे आतून पुठ्ठ्याचे दोन-तीन थर द्या. पेडलं, आस, बोल्ट एका पिशवीत घालून पिशवी फ्रेमला बांधा. खोक्याला हातासाठी भोकं असतात, सुट्या वस्तू तिथूनच गळतात. तळाच्या जोडावर टेप तीन पदरी.

आता वजन. १३ किलोची सायकल, खोकं तीन-चार किलो, वर हेल्मेट आणि हत्यारं, म्हणजे १८ किलो सहज. देशांतर्गत इकॉनॉमीत बऱ्याच तिकिटांवर १५ किलोच मिळतात. जादा वजन आधी ऑनलाइन घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. खोकं रिकामं दिसतं म्हणून त्यात कपडे कोंबायचा मोह होतो. मऊ कपडे फ्रेमभोवती चालतील, पण एका नगाचं वजन ३२ किलोंवर गेलं तर ते घेतच नाहीत.

प्रश्न: विमानात टायर फुटतात का? सगळी हवा काढायची का? (सांगली)

फुटत नाहीत. प्रवासी विमानात सामानाचा कप्पाही दाबाखाली असतो. आतला दाब साधारण दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतका. त्यामुळे टायरमध्ये फार तर ३-४ पीएसआयचा (हे हवेच्या दाबाचं माप) फरक पडतो. बाहेर पूर्ण पोकळी असती तरी वाढ १५ पीएसआयच्या आतच राहिली असती. तरीही बऱ्याच कंपन्यांचा नियम हवा कमी करा असाच आहे आणि काउंटरवर भौतिकशास्त्राचा तास घेण्यात अर्थ नसतो. बोटाने दबेल इतकी ठेवा. पूर्ण काढू नका, उरलेली हवा रिमला धक्क्यापासून वाचवते.

हातपंप खोक्यात ठेवा. हवा भरायची छोटी सीओटू काडतुसं नेऊ नका. त्यांना कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि ती घेऊनही तपासणीत काढून ठेवली जाऊ शकतात. चेनचं तेल स्प्रेच्या डब्यातलं नको, आणि हत्यारांचा जुडगा हातातल्या बॅगेत तर मुळीच नको.

प्रश्न: माझी ई-सायकल आहे. बॅटरी काढून केबिनमध्ये नेली तर? (नाशिक)

नाही. लिथियम बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत केबिनमध्ये चालते, १०० ते १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीने फार तर दोन, त्यावर प्रवासी विमानात बंदी. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून पुढे; बहुतेक ई-सायकली मर्यादेबाहेरच जातात. बॅटरी घरी ठेवून नुसती सायकल न्यायची असेल तरी कंपनीला आधी विचारा. पोचल्यावर मात्र हाती वीसेक किलोचं धूड आणि साधे गिअर उरतात, त्यापेक्षा तिथे भाड्याने घ्या. पॉवर बँक, सुटे दिवे, इलेक्ट्रॉनिक गिअरच्या काढता येणाऱ्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, ती चालते.

प्रश्न: आमच्या विमानतळावर एटीआर विमानं येतात. त्यात खोकं मावेल का? (कोल्हापूर)

मावू शकतं, पण हमी नाही. सत्तर-पंचाहत्तर आसनांच्या या पंख्यांच्या विमानात सामानाची जागा बेताची असते आणि विमान भरलेलं असलं की आडमाप खोकं मागे राहतं. फोन करून खोक्याची तीन मापं आणि वजन सांगा आणि ते बुकिंगमध्ये नोंदवून घ्या. नुसतं 'हो, चालेल' पुरेसं नाही. त्याच तिकिटात पुढे मोठ्या विमानाची जोड असेल तर नियम छोट्या विमानाचा धरा.

प्रश्न: ऑगस्टमध्ये थेट लेहला विमानाने सायकल नेऊन खारदुंग ला करायचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी? (ठाणे)

लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. विरळ हवेत विमानाला उडायला जास्त वेग आणि जास्त धावपट्टी लागते, म्हणून तिथून निघणारी विमानं पूर्ण भार घेत नाहीत. दुपारी तापलेली हवा आणखी विरळ होते आणि वाराही उठतो, त्यामुळे बहुतेक उड्डाणं सकाळची. याचा अर्थ असा की सायकलीचं खोकं एखाद वेळी पुढच्या विमानावर ढकललं जाऊ शकतं, परतीला तर जास्तच. परतीच्या विमानापुढे मुंबईची किंवा दिल्लीची घट्ट जोड ठेवू नका.

जाताना मात्र हा उशीर फारसा नडत नाही, कारण उतरल्यावर निदान ४८ तास सायकल चालवायचीच नाही. मुंबईची समुद्रसपाटी सोडून काही तासांत सव्वातीन हजार मीटरवर पोचलेल्या शरीराला तो वेळ लागतो; व्यायामाने कमावलेला दम इथे संरक्षण देत नाही. विमानतळ ते बाजार अंतर चारेक किलोमीटरच आहे, पण सगळा चढ. तगडे सायकलस्वार नेमके इथेच खोकं उघडून निघतात आणि रात्री डोकं धरून बसतात. टपावर कॅरिअर असलेली टॅक्सी करा. उंचीवरच्या आजाराची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप ही लक्षणं दिसली तर वर जायचं नाही, खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

टायरचं गणित इथे थोडं वेगळं. मुंबईत भरलेल्या ट्यूबमध्ये लेहला बाहेरचा दाब घटल्यामुळे सुमारे ५ पीएसआय जास्त दिसतात, खारदुंग लावर सातेक. एमटीबीच्या रुंद टायरला ५ पीएसआय म्हणजे बराच फरक, म्हणून हवा तिथे पोचल्यावरच गेजने मोजून भरा. शाम्पू, सनस्क्रीन, ट्यूबलेसचं सीलंट यांच्या बाटल्या दाबून हवा काढून बंद करा, नाहीतर उघडताना अंगावर उडतात. खिंडीतल्या फलकावर १८,३८० फूट असा आकडा वर्षानुवर्षं मिरवत होता. मोजणीत ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. दम तेवढाच लागतो.

खोकं मोडून सपाट करा आणि गेस्ट हाउसमध्ये ठेवून द्या. लेहला त्या मापाचं दुसरं शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न: विमानतळापर्यंत सायकलनेच जायचं तर मुंबईत ते जमतं का? (बोरिवली)

खोकं नसेल तर जमतं. मेट्रो २-अ आणि ७ मध्ये सायकल नेता येते. तुम्ही ७ ने गुंदवलीपर्यंत या, तिथून विमानतळाचं टर्मिनल टी-२ चारेक किलोमीटर. द्रुतगती महामार्गावरून टर्मिनलकडे जाणारा उन्नत रस्ता मोटारींचा समजा. अंधेरी पूर्वेकडून सहार रोडने खालून या. पहाटे पाचच्या आधी हा रस्ता बरा असतो, आठनंतर रिक्षा, बस आणि मालवाहू ट्रक यांच्या मधून वाट काढावी लागते.

नवी मुंबई विमानतळासाठी अटल सेतूचा विचार सोडा, त्यावर दुचाकींना आणि सायकलींना बंदी आहे. मुंबईकडून वाशीची खाडी ओलांडूनच जावं लागतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही सायकलला बंद.

खोकं घेऊन सायकल चालवता येत नाही. ८० सेंमी उंचीचा पुठ्ठा पाठीवर किंवा कॅरिअरवर घेतला की वारा भरतो. त्याला नायलॉनची घडी होणारी सायकल-बॅग हा उपाय. दीडेक किलोची असते, गुंडाळून कॅरिअरवर बसते. फोमची नळी आणि चिमट्याचा तुकडा तिच्यातच. पॅकिंग प्रवेशद्वारापाशी करू नका, सुट्या भागांचा पसारा पाहून सुरक्षा रक्षक हटकणारच. पार्किंगच्या मजल्यावर उजेडाचा कोपरा शोधा आणि सामान सोडून पाणी आणायलासुद्धा जाऊ नका. बेवारस बॅग म्हणजे धावपळ. काउंटर उड्डाणाआधी साधारण तासभर बंद होतो आणि मोठ्या सामानाची एक्स-रे तपासणी वेगळ्या जागी असते, तेव्हा देशांतर्गत विमानालाही तीन तास आधी पोचा. तपासणीत बॅग उघडायला लावली तर हात काळे होतात, म्हणून चेन आधी पुसून घ्या.

कार्बनची महाग फ्रेम या मऊ बॅगेत देऊ नये. तिला कडक पेटी हवी, आणि कडक पेटी म्हणजे दोन्ही टोकांना टॅक्सी आली.

नागपूरच्या वाचकांनीही हेच विचारलं आहे. तिथल्या मेट्रोत सायकल नेता येते, 'एअरपोर्ट' स्थानक वर्धा रोडवर आहे. टर्मिनलपर्यंतचा उरलेला टप्पा सायकलने.

प्रश्न: सायकल विमानतळावर उभी करून चार दिवस बाहेरगावी गेलो तर? (पुणे)

नको. दुचाकींच्या पार्किंगचा ठेकेदार सायकलची पावती देईलच असं नाही, आणि पावती नसेल तर चार दिवसांनी विचारायचं कोणाला?

प्रश्न: घडीची सायकल घेतली तर हे सगळं टळेल का? (वाशी)

बरंचसं. ब्रॉम्प्टनसारखी १६ इंची चाकांची सायकल घडी करून सुमारे ६५ बाय ५९ बाय २७ सेंमी होते. बेरीज १५१, बहुतेक कंपन्यांची साध्या बॅगेची मर्यादा १५८ सेंमी आहे, म्हणजे ती खेळाचं साहित्य न ठरता साधी बॅग म्हणून जाते. वजन ११-१२ किलो, मऊ पिशवीत घातली तर १५ किलोंतही बसते. २० इंची चाकांच्या घडीच्या सायकली बेरजेत १७५ ते १८० पर्यंत जातात आणि वजन १४-१५ किलो, वर पिशवी, म्हणजे दोन्हीकडून मर्यादेबाहेर. बिजागरांचे खटके घडी केल्यावर बाहेर डोकावतात आणि तेच आधी मोडतात. ते सोडवून खिशात ठेवा आणि सीटची नळी पूर्ण खाली घ्या.

प्रश्न: गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरून किनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे जायचं आहे. खोक्याचं काय करू? (हैदराबाद)

टाकून द्या. आगमनाबाहेर सायकल जोडा आणि पुठ्ठा सफाई कामगारांना विचारून त्यांच्या हवाली करा. परत मोपाला यायचं ठरवलंत तर सगळी सफर त्या खोक्याला बांधली जाते. त्यापेक्षा कुडाळ किंवा रत्नागिरीहून कोकण रेल्वेने निघा. तिथे सायकल सामानाच्या डब्यातून बुक होते, खोकं लागत नाही. पार्सल ऑफिसात गाडी सुटण्याआधी दोन तास पोचा आणि ती गाडी सामान घेते का हे आदल्या दिवशी विचारा.

मोपा सड्यावर आहे, त्यामुळे सुरुवातीला उतार. ब्रेक तपासल्याशिवाय सुटू नका. नुकत्याच जोडलेल्या सायकलीची डिस्क घासत असते किंवा पुढचं चाक तिरकं बसलेलं असतं. पेडण्यावरून केरीला या, फेरीबोटीने तेरेखोल ओलांडा, मग रेडी, शिरोडा, वेंगुर्ला. फेरीच्या वेळा स्थानिकांकडून घ्या. कोकणातले चढ छोटे पण उभे असतात, प्रत्येक खाडीनंतर एक. विमानाच्या दिवशी शिरोड्याला मुक्काम पुरे.

प्रश्न: सिंगापूरला नऊ तासांचा थांबा आहे. चांगीहून सायकल चालवून येता येईल? (औंध, पुणे)

व्हिसा असेल तर नक्की. भारतीय पासपोर्टवर एरवी त्याशिवाय बाहेर पडता येत नाही. टर्मिनल २ पासून ईस्ट कोस्ट पार्कपर्यंत ३.५ किलोमीटरचा वेगळा सायकल-मार्ग २०२० मध्ये सुरू झाला. त्याच्या एक किलोमीटरच्या पट्ट्यात डायनासोरचे पुतळे आहेत. मुलं बरोबर असतील तर तिथेच तास जातो. टर्मिनल २ जवळ भाड्याच्या सायकली आणि आंघोळीची सोय आहे. सायकल-मार्गावर वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आणि ती पाळली जाते. पार्कमधून पश्चिमेकडे समुद्राकाठी सपाट रस्ता आहे, वाटेत खाण्याच्या टपऱ्यांचं मोठं आवार लागतं. उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा बारमाही, म्हणून जादा शर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. नऊ तासांतले खरे हाताशी चार धरा.

प्रश्न: खोकं फाटलेलं मिळालं आणि चिमटा वाकलेला निघाला तर भरपाई मिळते का? (डोंबिवली)

मिळू शकते, पण बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवली तर. सामानाच्या पट्ट्यापाशीच खोकं उघडा, फोटो काढा, कंपनीच्या काउंटरवर नुकसानीचा लेखी अहवाल करून त्याची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे लेखी दावा सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत जायला हवा. उशिरा आलेल्या सामानासाठी २१ दिवस. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. देशांतर्गत प्रवासात ती बरीच कमी असते, त्यामुळे महाग सायकलीसाठी वेगळा विमा काढा.

चेक-इनच्या वेळी कंपनी बहुतेकदा एका चिठ्ठीवर सही घेते: वस्तू नाजूक आहे, पॅकिंग अपुरं आहे, जबाबदारी मर्यादित. सही करण्याआधी कोणत्या चौकटीत खूण केली आहे ते पाहा. पॅकिंग नीट असताना 'अपुरं' वर खूण असेल तर ती खोडायला सांगा, आणि बंद करण्याआधी काढलेले खोक्याच्या आतले फोटो तिथेच दाखवा.